टोपीवाल्याच्या पुढे

४ जानेवारी, दुकान

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आशीर्वाद सोबत पाठवले आहेत. हवे तर घे, नकोत तर पाकिटातच राहू देत.

मुद्द्याचं आधी सांगते. मी तुझ्या त्या वाळवंटात चालले आहे. ज्या दगडांचं चित्र तू अकरा वर्षं आपल्या मशीनच्या वर भिंतीला चिकटवून ठेवलं होतंस आणि तीन वर्षांपूर्वी ज्यांच्यापर्यंत न पोचताच परत आलीस, ते बघायला. सोमवारी निघते. दिवसाला वीसच माणसांना आत सोडतात, पण माझा परवाना पहिल्याच खेपेला आला. वय त्रेसष्ट आहे आणि उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, हे मला माहीत आहे. तेव्हा भाचीकरवी काळजीचे निरोप पाठवू नकोस. तू पाठवणार नाहीसच म्हणा.

दुकान आठवडाभर बंद. डॉक्टरीणबाई मापाला उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "अहो, एकट्याच जाणार?" मी म्हटलं, "आमच्यातली एक एकटीच गेली होती. वाटेतून परत आली, पण धडधाकट आली." त्या हसल्या, मीही हसले. मग तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष गेलं आणि काय झालं कोण जाणे, त्यांचं माप मला पुन्हा घ्यावं लागलं. खुर्ची रिकामी म्हणजे तशी रिकामी नाही, अस्तराचे तागे ठेवते मी तिच्यावर.

तू गेलीस त्या दिवशीही मी हीच गोष्ट सांगत होते, शाळेच्या बाईंना. "हिला म्हटलं, अंतर काही वाढलं नव्हतं, तुझेच पाय कमी पडले." तू हातातलं काज पुरं केलंस, दोरा तोडलास, स्वतःची कात्री पिशवीत टाकलीस आणि बाहेर पडलीस. मला वाटलं, दुपारपर्यंत येशील. एवढ्याशा थट्टेपायी तीस वर्षांचं दुकान कुणी सोडतं का? तू हट्टी आहेस, हे मी अजूनही म्हणते.

तयारी झाली आहे. तुझ्या वेळी वाटेच्या कार्यालयातून दुकानात फोन आला होता, आठवतं? तुझ्या ओठांत टाचण्या होत्या म्हणून मी घेतला आणि सगळं मापवहीत उतरवून घेतलं. तीच वही बरोबर नेते आहे. जाऊन-येऊन दहा किलोमीटर. तीन लिटर पाणी पुष्कळ झालं. सावकाश गेले तरी दुपारच्या जेवणाला परत.

ते करून दाखवणार आणि मग तुला फोटो पाठवणार. एवढंच.

तुझी ताई

११ जानेवारी, वाटेच्या तोंडाशी

धाकटे,

हे पत्र लिहायला बसून तासभर झाला. कागद फाडायचा नाही असं ठरवलं आहे, तेव्हा जे येईल ते येऊ दे.

बस शेवटच्या थांब्यावर सोडते. सहा घरं, एक पेट्रोलपंप, आणि एक लांबट इमारत, तिच्यात एका टोकाला वाटेचं कार्यालय आणि दुसऱ्या टोकाला भाड्याच्या चार खोल्या. माझ्या खोलीत लोखंडी पलंग, एक टेबल, आणि खिडकी एवढी लहान की उशीचा अभ्रा पडदा म्हणून पुरेल. पण त्या खिडकीतून जे दिसतं ते बघून मी बॅगही खाली ठेवायची विसरले. लाल दगड, धाकटे. नुसता लाल नाही. वीट, शेंदूर, मध्येच दुधी पट्टा, मग पुन्हा वीट. आपल्याकडे एवढ्या छटांचे दोरेसुद्धा नव्हते कधी.

दुपारी परवान्यावर शिक्का मारून घ्यायला गेले. टेबलामागे एक बाई असते, पन्नाशीची, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. मी तिला परवानेवाली म्हणते, तिला चालतं. तिच्या डोक्यावर मोठा फलक: एकूण अंतर, जाऊन-येऊन, वीस किलोमीटर. पाणी माणशी सहा लिटर.

मी म्हटलं, "बाई, तुमचा फलक चुकलाय. वीस नाही, दहा."

ती म्हणाली, "बावीस वर्षं चालतेय मी ही वाट."

"आमच्याकडे लिहून ठेवलंय. तुमच्याच कार्यालयानं फोनवर सांगितलेलं."

"फोनवर मीच सांगते सगळ्यांना. दहा मी कधीच सांगितलेलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे दहाचं एकदा आधीही झालंय. त्यानंतरच हा फलक लावला."

तिनं मागच्या कपाटातून एक जाडजूड नोंदवही काढली. आत जाणारा जाताना सही करतो आणि बाहेर आल्यावर कुठवर गेला ते लिहितो. तिनं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. तुझं अक्षर मी कुठेही ओळखेन. "टोपीवाल्यापासून परत. पाणी संपलं. घरून अंतर चुकीचं लिहून आणलं होतं."

टोपीवाला म्हणजे वाटेवरचा तो उभा दगड, डोक्यावर चपटी शिळा असलेला. मी विचारलं, तो किती लांब. ती म्हणाली, "सात."

खोलीवर येऊन मापवही उघडली. पानावर वरती डॉक्टरीणबाई: छाती १९, कंबर १७. त्याच्या खाली, माझ्याच अक्षरात: वाट, जाऊन-येऊन १०.

मी पलंगावर बसले ती बसलेच. मग पुन्हा कार्यालयात गेले आणि परवानेवालीला पान दाखवलं. तिला काही कळेना, म्हणून समजावून सांगितलं. आमच्या दुकानात पूर्ण माप कुणी लिहीत नाही. कापड दुमडून त्याच्यावर आखायचं, म्हणून आईनं पहिल्या दिवसापासून शिकवलं, अडतीस ऐकलं की एकोणीस लिहायचं. चाळीस वर्षं माझा हात ऐकलेला आकडा निम्मा करूनच कागदावर ठेवतो. तुम्ही वीस सांगितलंत. मी वीसच ऐकलं. आणि लिहिलं दहा.

तिनं आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "कपड्याचं समजलं. पण वाट कोण दुमडतं?"

मी दुमडली. आणि ती दुमडलेली वाट तुझ्या हातात देऊन तुला वाळवंटात पाठवलं, तीन लिटर पाणी देऊन. तू पाच किलोमीटरवर पोचलीस तेव्हा तुला वाटलं असेल, हे काय आलंच. मग सहा. मग सात. तिथे टोपीवाला, आणि बाटलीत दोन घोट. परत सात. म्हणजे तू चौदा चाललीस, निम्मी वाट कोरड्या तोंडानं. आणि मी वर्षभर गावाला सांगत होते की हिच्यानं दहासुद्धा झाले नाहीत.

तू "घरून" लिहिलंस. "बहिणीनं" लिहिलं नाहीस. त्या नोंदवहीवर मी डोकं टेकवलं तर परवानेवाली पाणी आणायला उठली.

उद्या पहाटे सहा लिटर घेऊन निघणार आहे. आज ह्याहून जास्त लिहवत नाही.

ताई

१३ जानेवारी, तिथूनच

धाकटे,

काल टोपीवाल्यापर्यंत गेले.

पहिले दोन किलोमीटर वाळू, पाय घोट्यापर्यंत आत. मग एक घळ लागते, इतकी अरुंद की मला तिरकं होऊन सरकावं लागलं. तू सरळ गेली असशील. आतल्या भिंती गार आणि गुळगुळीत, आणि वरून येणारं ऊन खाली पोचेपर्यंत नारिंगी होतं. मी हात लावत लावत गेले, कापड बघताना लावतो तसा. पलीकडे उघडं पठार, त्याच्यावर दगडी छत्र्या, खांब, एक कमान, आणि काही असे आकार की त्यांना नावच नाही. गुडघा शहाण्यासारखा वागला.

टोपीवाला आला तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते. माझ्याकडे चार लिटर शिल्लक, पायात दम, आकाश स्वच्छ. पुढे तीनच किलोमीटरवर ती जागा. इथले लोक तिला झालर म्हणतात, माहीत आहे ना तुला? मी ऐकलं तेव्हा हसूच आलं. जन्मभर झालरी लावल्या आणि बघायला एवढ्या लांब यायचं.

मी टोपीवाल्याच्या सावलीत बसले. तू जिथे बसली असशील अशी एकच जागा आहे, पाठ टेकायला खाच असलेली. तिथून पुढची वाट दिसते. तुलाही दिसली असणार. पाणी संपलेलं, पाय दुखतायत, आणि ती वाट पुढे चाललेली दिसतेय. आणि परत घरी येऊन तू मला म्हणालीस, "ताई, अंतर जास्त होतं." मी काय उत्तर दिलं ते चार तारखेच्या पत्रात अभिमानानं लिहिलेलंच आहे.

अर्धा तास बसले आणि परत फिरले. तुझ्याआधी पुढे जायची मला लाज वाटली. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. खरंच पाय उचलेना.

नोंदवहीत लिहिलं: टोपीवाल्यापासून परत. परवानेवालीनं विचारलं, "गुडघा?" मी म्हटलं, "बहीण." तिनं तारखांची वही उघडली. म्हणाली, "तेवीस तारखेला दोन जागा आहेत."

दोन्ही मी घेतल्या. एक माझ्या नावावर, एक तुझ्या.

आता जे तीन वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणते. चूक माझी होती. तू वाटेतून परत आलीस ती माझ्यामुळे. त्यावर मी हसले, चारचौघांत हसले, पुन्हा पुन्हा हसले. मला माफ कर. येणार नसलीस तरी माफ कर. पण ये.

ताई

२० जानेवारी, तिथूनच

धाकटे,

हे पत्र पोचेल तेव्हा तू घरी नसशील, तरी लिहिते, कारण कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही आणि परवानेवाली दिवसाला दहा वाक्यं बोलते.

सकाळी भाचीचा कार्यालयात फोन आला. परवानेवालीनं निरोप कागदावर लिहून आणला आणि शाळेत उभं राहून वाचतात तसा वाचला. "आई बावीस तारखेच्या बसनं येतेय. मावशीला सांगा, पाणी आई आणेल. मावशीनं काहीही मोजू नये."

जीव भांड्यात पडला. मी इतकी हसले की परवानेवालीसुद्धा हसली. दात छान आहेत तिचे, आज पहिल्यांदा दिसले.

आठवड्यासाठी आले होते, आता दुसरा चालू आहे. रिकामं बसवत नाही, म्हणून कार्यालयातल्या फाटक्या पाठपिशव्या शिवून देते आहे. मशीन नाही, दाभण आणि मेणाचा दोरा. अकरा झाल्या. डॉक्टरीणबाईंचा झगा अर्धवट पडला आहे, दुकानाच्या दारावर लोक शिव्या देत असतील. देऊ देत.

बसला मी थांब्यावर असेन.

ताई

९ फेब्रुवारी, दुकान

धाकटे,

तू म्हणाली होतीस, "दुकानात आता नीट सांग. आधी लिहून काढ, मी तपासते." तेव्हा हे तपासायला. तू तिथे होतीस तरी वाच, आणि कुठे चुकलं असेल तर खडूनं खूण कर.

तू बसमधून उतरलीस. मी तीन दिवस काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं आणि तोंडातून निघालं, "बारीक झालीस." तू म्हणालीस, "तू नाही झालीस." मग तू माझी पिशवी उचललीस, मी तुझी, आणि दोघींनी एकमेकींच्या पिशव्या जड म्हणून खोलीपर्यंत कुरकुर केली.

पहाटे निघालो. बारा बाटल्या तू भरल्यास, मी हातही लावला नाही. घळीत तू पुढे होतीस आणि मी अडकले तेव्हा माझं पोट हातानं दाबून मला बाहेर ओढलंस. पठारावर तू एकेका दगडाशी थांबायचीस. मला घाई झाली होती, पण काही बोलले नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे, मी बोलले नाही.

टोपीवाल्याशी बसलो. तू तुझ्या खाचेत बसलीस, मी समोर वाळूत. तू बाटली उघडलीस, पाणी प्यालीस आणि म्हणालीस, "मला तेव्हाच कळलं होतं."

"काय?"

"पाणी संपल्यावर मी डोकं लावलं. वीसच असणार. ताईनं निम्मं केलं असणार. इथंच बसून कळलं."

मी म्हटलं, "मग घरी येऊन बोलली का नाहीस?"

तू म्हणालीस, "बोलले तर होते. अंतर जास्त होतं म्हटलं. तू मध्येच हसलीस. पुढचं सांगितलं असतं, तर तेही तू गिऱ्हाइकांना हसत सांगितलं असतंस. आमच्या हातून अशी गंमत झाली म्हणून. आणि माझी तहान त्या गमतीत गेली असती."

धाकटे, मी अगदी तसंच केलं असतं. गोष्ट चांगली रंगली असती. मी कान पकडले, खरोखरचे, दोन्ही हातांनी. तू बघितलंस आणि म्हणालीस, "पुरे. गुडघ्यावर ऊन येतंय, ऊठ."

उठताना विचारलं, दुकानात परत येशील का. तू नाही म्हणालीस. तिकडे तुझा कपडे बेतायचा वर्ग चालतो, चौदा बायका येतात, आणि तू त्यांना पूर्ण माप लिहायला शिकवतेस. दुमडायचं ते कापड, आकडा नाही, असं फळ्यावर लिहून ठेवलं आहेस. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. खुर्चीवरचे तागे मी काढले होते निघण्याआधी, हे तुला तिथे सांगितलं नाही.

टोपीवाल्याच्या पुढे तुझं पहिलं पाऊल पडलं तेव्हा मी मागे होते, म्हणून मला दिसलं. तू थांबलीस, बूट वाळूत जरा दाबून बघितलास आणि मग चालायला लागलीस. तिथून पुढे तू एकदाही थांबली नाहीस. दोन किलोमीटर मला तुझी पाठच दिसत होती. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि पोरीसारखी ताडताड चालली होती.

शेवटच्या चढाशी माझा गुडघा गेला. उघडा दगड, तिरका, धरायला काही नाही. मी म्हटलं, "तू जा. मी इथूनच खूश आहे." साफ खोटं होतं. तू काही वाद घातला नाहीस. म्हणालीस, "बस इथं. हलू नकोस." आणि चढून गेलीस. मला कुणी बस म्हटलं आणि मी बसले, असं आईनंतर पहिल्यांदाच झालं.

तू माथ्यावर पोचलीस, पलीकडे बघितलंस आणि तशीच उभी राहिलीस. किती वेळ, मला सांगता येणार नाही. हात दोन्ही बाजूंना सुटलेले. मी खालून हाक मारणार होते, काय दिसतंय गं, पण गप्प बसले. ते तुझं होतं. अकरा वर्षं भिंतीवर होतं आणि तीन वर्षं तेही नव्हतं.

मग तू वळलीस. तुझा सगळा चेहरा ओला होता आणि तू हसत होतीस. म्हणालीस, "ताई, ये. मी सांगते तसा पाय टाक. डावा त्या पांढऱ्या पट्ट्यावर. आता उजवा, जरा वर. हात टेक. घाई करू नकोस." तू सांगत गेलीस, मी टाकत गेले. मध्ये एकदा मी म्हटलं, "इथून सोपं दिसतंय." तू म्हणालीस, "विचारलं का मी?" मी तू सांगितलंस तिथेच पाय टाकला.

आणि मग झालर. तिचं वर्णन मी दुकानात चार दिवस करून बघितलं, जमत नाही. मोठा खोलगट वाडगा, त्याच्या भिंतींवर चुण्या, हजारो चुण्या, एकीला लागून एक, लाल-पिवळ्या-दुधी, कुठेही न तुटता वळत जाणाऱ्या. मी शिवणकामाच्या नजरेनं चूक शोधली. सवय आहे. सापडली नाही. तू मधोमध आडवी झालीस, हातपाय पसरून, आणि मोठ्यानं हसायला लागलीस, आणि त्या भिंतींनी ते हसू इतक्या वेळा परत दिलं की मलाही पडून राहून हसावं लागलं. दोन म्हाताऱ्या, दगडावर आडव्या, हसून पोट दुखतंय. त्या दिवशीच्या विसांतली तरुण जोडपी आम्हाला बघून बिचकली असतील. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

नोंदवहीत तू लिहिलंस: पोचलो. मी काहीच लिहिलं नाही, नुसती सही केली.

तू तपासेपर्यंत थांबणार होते, पण काल डॉक्टरीणबाई झगा न्यायला आल्या. शाळेच्या बाईही होत्या, आणखी तिघी होत्या. मी मशीन थांबवलं आणि सगळं सांगितलं. मापवहीतलं पान दाखवलं, त्यांच्या छातीच्या मापासकट. चूक कुणाची, चौदा कोण चाललं, तहान कुणाला लागली आणि वर्षभर कोण हसत होतं, काही गाळलं नाही. कुणी हसलं नाही. शाळेच्या बाईंनी नजर खाली घातली, कारण त्या फार हसल्या होत्या तेव्हा.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पण शेवटी पोचलात का तुम्ही?"

मी म्हटलं, "धाकटी आधी पोचली. मी तिच्या मागून."

तुझी
ताई